डेथ व्हॅलीतलं वन-आरके

मोटारहोम म्हटलं की एक ठरलेला फोटो डोळ्यांसमोर येतो. मोकळं वाळवंट, मधोमध उभी पांढरीशुभ्र गाडी, छपरावर पाय सोडून बसलेलं जोडपं, हातात कॉफीचे मग आणि मागे सूर्यास्त. एकदम कूल! फक्त त्या फोटोत चार काटे दिसत नाहीत. पाण्याच्या टाकीचा काटा, बॅटरीचा काटा, गॅसचा काटा आणि जिच्याविषयी जेवताना बोलू नये त्या टाकीचा काटा. वाळवंटातल्या कॅम्पिंगचं सगळं थ्रिल या चार काट्यांत असतं. पाचवा काटा असतो थर्मामीटरचा आणि तो काही आपल्या हातात नसतो.

कॅलिफोर्नियातली डेथ व्हॅली म्हणजे या पाचव्या काट्याचं माहेरघर. १० जुलै १९१३ला तिथल्या फर्नेस क्रीकमध्ये ५६.७ अंश सेल्सियस तापमान नोंदलं गेलं. पृथ्वीवरच्या हवेच्या तापमानाचा अधिकृत उच्चांक आजही तोच आहे. अशा ठिकाणी चाकांवरचं घर घेऊन राहायला जायचं, हा प्लॅन माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीचा. ती आणि तिचा नवरा लॉस एंजेलिसमध्ये असतात, दोघंही आयटीत. मी त्यांच्याकडे गेले होते आणि त्याच वेळी त्याची आईही लातूरहून आलेली होती. वय सहासष्ट, बीपीची गोळी चालू, आणि ‘मला एकटीला घरी ठेवून जाताय होय?’ हा एकच प्रश्न. झालं, टीम ठरली. मी, मैत्रीण, गाडी चालवणारा म्हणून आपोआप ‘कॅप्टन’ झालेला तिचा नवरा आणि काकू. एप्रिलचा शेवटचा आठवडा, डेथ व्हॅलीत तीन रात्री.

घर, पण मोजून

अमेरिकेत या गाड्यांना सरसकट आरव्ही म्हणतात. त्यातही प्रकार आहेत. बसएवढी मोठी ती ‘क्लास ए’, व्हॅनमध्ये बसवलेली ती ‘क्लास बी’ आणि ट्रकच्या सांगाड्यावर घर चढवलेली, ड्रायव्हरच्या डोक्यावर बेड असलेली ती ‘क्लास सी’. आमची ‘सी’ होती, २५ फुटी. चालवायला साधं कार लायसन्स पुरतं. आत दोन बर्नरची शेगडी, फ्रिज, सिंक, टेबल मोडून होणारा बेड आणि कपाटाएवढी न्हाणी. मुंबईतल्या कितीतरी वन-आरकेंपेक्षा प्लॅनिंग बरं!

गाडी देणाऱ्या माणसाने अर्धा तास सगळं समजावून सांगितलं. स्वच्छ पाण्याची टाकी साधारण १५० लिटर. सिंकचं आणि आंघोळीचं सांडपाणी दुसऱ्या टाकीत, टॉयलेटचं तिसऱ्या. फ्रिज गॅसवर चालतो, पण गाडी सपाट उभी असेल तरच, म्हणून चाकांखाली ठोकळे लावून लेव्हल करायची. दिवे, पंप आणि छताचा पंखा बॅटरीवर. आणि एसी? एसी फक्त दोन प्रकारे. एक तर कॅम्पग्राउंडमध्ये विजेचा खांब असलेली जागा मिळवायची, म्हणजे ‘हूक-अप’. नाही तर गाडीतला जनरेटर लावायचा. तो तासाला दोनेक लिटर पेट्रोल पितो आणि भाड्याच्या गाडीत त्याच्या तासांचे पैसे वेगळे द्यावे लागतात. शिवाय सरकारी कॅम्पग्राउंडमध्ये जनरेटरचे तास ठरलेले असतात आणि रात्र त्यात येत नाही. हूक-अपच्या जागा मोजक्या असतात, त्या आम्हाला मिळाल्या नव्हत्या.

काकू हे सगळं शांतपणे ऐकत होत्या. शेवटी त्यांनी सुनेला एकच विचारलं, ‘टाकीला बाहेरून काटा आहे ना? मग झालं.’

लातूरच्या माणसाला पाण्याचा काटा समजावून सांगावा लागत नाही. २०१६च्या एप्रिलमध्ये त्या शहराला मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटरवरून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. काकूंच्या सामानातही त्याचा पुरावा होता. स्टीलचा तांब्या, दोन पंचे, धपाट्यांचा डबा, शेंगदाण्याची चटणी आणि आर्टेशियाच्या इंडियन मार्केटमधून आणलेल्या कैऱ्यांचं पन्हं.

१३४ फुटी थर्मामीटर

लॉस एंजेलिसहून निघालं की लास वेगासच्या हायवेवर बेकर नावाचं छोटंसं गाव लागतं. तिथे एक भलामोठा थर्मामीटर उभा आहे, १९९१ मध्ये बांधलेला. उंची १३४ फूट, कारण १९१३चा तो उच्चांक फॅरनहाइटमध्ये १३४ अंश होता. सगळेच त्याच्याखाली फोटो काढतात. आम्हीही काढला. त्या दुपारी आकडा होता ९३, म्हणजे आपले ३४. ‘एवढंच?’ म्हणत काकू गाडीत जाऊन बसल्या.

बेकरहून उत्तरेला वळलं की गर्दी संपते. तास तासभर समोरून चार गाड्या येतात. डोंगर जवळ वाटतात आणि येतच नाहीत. मोबाइलची रेंज जाते. नॉर्मली अशा वेळी अस्वस्थ व्हायला होतं, पण मोटारहोममध्ये एक गंमत असते. तुमचं स्वयंपाकघर तुमच्या मागेच खडखडत येत असतं. भूक लागली की गाडी बाजूला घ्यायची आणि चहा टाकायचा.

त्याच रस्त्यावर डेथ व्हॅली जंक्शन लागतं. गाव म्हणजे एक पांढरी, कमानींची लांबलचक इमारत. तिच्या कोपऱ्यात आहे अमार्गोसा ऑपेरा हाऊस. याची स्टोरी प्रत्येक ट्रेलरवाल्याने ऐकावी अशी आहे. १९६७ मध्ये मार्टा बेकेट ही न्यूयॉर्कची नर्तकी नवऱ्याबरोबर ट्रेलर घेऊन डेथ व्हॅलीत कॅम्पिंगला आली होती. ट्रेलरचं टायर पंक्चर झालं, म्हणून ती दोघं या जंक्शनवर आली. टायर दुरुस्त होईपर्यंत तिने बंद पडलेल्या हॉलच्या दारातल्या भोकातून आत डोकावून पाहिलं आणि तिथेच राहायचं ठरवलं. १९६८पासून ती त्या हॉलमध्ये नाचायला लागली. प्रेक्षक येतील न येतील, म्हणून तिने भिंतींवरच प्रेक्षक रंगवले. राजा, राणी, नन्स, सगळा दरबार. २०१२पर्यंत तिने प्रयोग केले आणि २०१७ मध्ये ती गेली. पंक्चर काढायला थांबलेली बाई, पन्नास वर्षं राहिली! कॅप्टनने मात्र उतरून आमची सहाही टायरं नीट तपासून घेतली.

समुद्राच्या खाली बिऱ्हाड

फर्नेस क्रीक समुद्रसपाटीपेक्षा जवळपास ६० मीटर खाली आहे. उतरताना कानात दडे बसतात आणि हवा जड, गरम होत जाते. या दरीचं भट्टीशी असलेलं नातं साधं आहे. पॅसिफिककडून येणारे ढग एकामागून एक डोंगररांगा ओलांडताना रिकामे होतात, इथवर काही उरत नाही. वर्षाला सरासरी पाच-सहा सेंटिमीटर पाऊस पडतो. झाडं नाहीत, त्यामुळे ऊन थेट जमिनीवर. तापलेली हवा वर जाते, पण दोन्ही बाजूंचे उंच डोंगर तिला सोडत नाहीत. ती पुन्हा खाली येते आणि खाली येताना दाबली गेल्याने आणखी तापते. कुकरच म्हणा ना.

पहिल्या संध्याकाळी ३६ अंश होतं. ठोकळे लावले, लेव्हल केली, बाहेरचं कापडी छत ओढलं, खुर्च्या मांडल्या. पिठलं-भात झाला. सूर्य पॅनामिंट डोंगरांमागे गेला आणि समोरच्या टेकड्या गुलाबी, मग जांभळ्या झाल्या. डेथ व्हॅली २०१३पासून ‘डार्क स्काय पार्क’ आहे. पूर्वेला लास वेगासची फिकट झाक दिसते, बाकी नुसता अंधार. आकाशगंगा अशी दिसली की चौघंही अर्धा तास बोललो नाही. आमच्या ग्रुपमध्ये हे रेकॉर्डच.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅप्टनने आंघोळ केली. घरच्यासारखी, आठ मिनिटं, गाणं म्हणत. बाहेर आला तेव्हा पाण्याच्या टाकीचा काटा तिसऱ्या हिश्शाने उतरलेला आणि सांडपाण्याचा तेवढाच चढलेला! शहरातून आलेल्यांना न सुचणारी गोष्ट हीच. पाणी नुसतं संपत नाही, वापरलेलं पाणी भरतही जातं आणि ते टाकायलाही ठरलेली जागा असते. नळ आमच्यापासून शंभर पावलांवर होता. पण टाकी भरायची तर खुर्च्या उचलायच्या, छत गुंडाळायचं, कपाटांना कड्या लावायच्या आणि अख्खं घर नळापर्यंत चालवत न्यायचं.

मग काकूंनी पाणीखातं हातात घेतलं. प्यायचं पाणी कॅनमध्ये नळावरून आणायचं, टाकीला हात नाही. ताटं आधी कागदाने पुसायची, मग एका तांब्यात चौघांची. आंघोळ नाही, ओल्या पंचाने अंग पुसायचं. ‘पण प्यायच्या पाण्यात काटकसर करायची नाही,’ हे मात्र ठणकावून. नॅशनल पार्कवालेही माणशी दिवसाला किमान चार लिटर प्या असंच सांगतात. इथे घाम येतो, पण दिसत नाही. अंगावर येताक्षणी उडून जातो. शर्टवर पांढऱ्या मिठाच्या रेघा दिसल्या की कळतं, अरे, आपण सुकत चाललोय.

सकाळी सातलाच आम्ही बॅडवॉटरला होतो. उत्तर अमेरिकेतला सगळ्यात खालचा भूभाग, समुद्रसपाटीपेक्षा ८६ मीटर खाली. मागच्या कड्यावर खूप उंचावर ‘सी लेव्हल’ अशी पाटी लावली आहे. मान वर करून ती पाहताना पोटात खड्डा पडतो. समोर मैलोन्‌मैल मिठाचं मैदान, षटकोनी चकत्यांसारखं. २० ऑगस्ट २०२३ला हिलरी वादळाच्या पावसाने इथे एका दिवसात जवळपास वर्षाचा पाऊस पाडला आणि या मैदानावर चक्क तळं साचलं, लोकांनी त्यात कयाक चालवल्या! आम्ही पाहिलं तेव्हा त्याचा मागमूस नव्हता. नऊ वाजता चपलेच्या तळव्यातून चटका लागायला लागला, तसे परत फिरलो. सखल भागात दहानंतर चालायला जाऊ नका, अशा पाट्या जागोजागी असतात. त्या गंमत म्हणून लावलेल्या नाहीत.

इथे कोण कसं राहिलं

दुपार कॅम्पग्राउंडच्या झाडाखाली आणि बोरॅक्सच्या जुन्या कारखान्याजवळ गेली. हार्मनी बोरॅक्स वर्क्स, १८८३ ते १८८८. साबण, काच यांत वापरायचा बोरॅक्स इथे जमिनीवरून गोळा करत आणि वीस जनावरांच्या जथ्याने २६५ किलोमीटरवरच्या मोहावी स्टेशनला नेत. म्हणायला ‘ट्वेंटी म्यूल टीम’, प्रत्यक्षात अठरा खेचरं आणि दोन घोडे. मालाच्या दोन गाड्यांमागे तिसरी गाडी असायची पाण्याची, साडेचार हजार लिटरची टाकी. म्हणजे आमच्या तीस टाक्या! पण मला सॉलिड वाटली ती दुसरीच माहिती. उन्हाळ्यात इथलं पाणी इतकं तापायचं की त्यातून बोरॅक्सचे स्फटिकच जमायचे नाहीत. मग कंपनी काम बंद करून अमार्गोसाच्या थोड्या थंड भागात सरकायची. नफ्यासाठी आलेल्या कंपनीलाही उन्हापुढे जागा बदलावी लागली.

त्याआधी १८४९च्या डिसेंबरात सोनं शोधायला निघालेले लोक शॉर्टकट म्हणून या दरीत शिरले. त्यांच्या बैलगाड्या म्हणजे त्या काळची मोटारहोमच. बायकामुलं, भांडीकुंडी सगळं आत. गाड्या डोंगर चढेनात. शेवटी एका टोळीने आजच्या स्टोव्हपाइप वेल्सजवळ गाड्या जाळल्या, त्या जाळावर बैलांचं मांस सुकवलं आणि पायी बाहेर पडले. नाव ‘डेथ व्हॅली’ पडलं, पण दरीत त्यांच्यापैकी एकच माणूस गेल्याचं पार्कचा इतिहास सांगतो. बाकीचे वाचले, कारण घराचा मोह सोडून निघाले.

आणि या सगळ्यांच्या कितीतरी आधीपासून इथे टिंबिशा शोशोनी लोक राहत आलेत. त्यांचं गाव आजही फर्नेस क्रीकमध्ये आहे. १९३३ मध्ये सरकारने हा भाग संरक्षित केला तेव्हा त्यांना विचारलं नव्हतं. १९९४ मध्ये नॅशनल पार्क झालं आणि मोठ्या लढ्यानंतर २०००च्या कायद्याने त्यांना सुमारे ७,७०० एकर जमीन परत मिळाली, त्यातली ३१४ एकर फर्नेस क्रीकची. पिढ्यान्‌पिढ्या त्यांचा क्रम ठरलेला होता. थंडीत आणि वसंतात खाली दरीत, मेस्किटच्या शेंगांजवळ. ऊन चढलं की वर डोंगरात, जिथे पाइनच्या बिया मिळतात. या दरीतलं सगळ्यात जुनं शहाणपण हेच : राहायचं कुठे याच्याइतकंच निघायचं कधी, हे ठाऊक असणं.

रात्री किती?

दुसऱ्या दिवशी चार वाजता ४० अंश होतं. फ्रिज थकला होता, दूध फाटलं होतं. जनरेटर लावून एसी चालवला की आत बरं वाटायचं, वेळ संपल्यावर बंद केला की वीस मिनिटांत डबा पुन्हा तापायचा. आम्ही व्हिजिटर सेंटरला गेलो. खरं कारण माहिती घेणं, त्याहून खरं कारण तिथला एसी. बाहेरच्या मोठ्या डिजिटल थर्मामीटरसमोर फोटोंसाठी रांग होती. आत रेंजरने सांगितलं, उद्या १०८ फॅरनहाइट, म्हणजे ४२ सेल्सियस.

कॅप्टन म्हणाला, ‘दोनच डिग्री जास्त. तीन रात्रींचे पैसे भरलेत, राहू या.’ आयटीतली माणसं मृत्यूपेक्षा ‘नॉन-रिफंडेबल’ या शब्दाला जास्त घाबरतात. मैत्रीण गप्प होती. मलाही तिसरी रात्र हवी होती.

काकू म्हणाल्या, ‘दिवसाचं काय विचारतोस? रात्री किती, ते विचार.’

रेंजरने पाहून सांगितलं, पहाटेचं किमान ८२, म्हणजे २८ अंश. तेही बाहेर, मोकळ्यावर. ‘म्हणजे आपल्या डब्यात बत्तीस-चौतीस,’ काकू म्हणाल्या. ‘दिवसभर ऊन सोसलेलं शरीर रात्री थंड झालं नाही, तर दुसऱ्या दिवशी ते ऐकत नाही. आमच्याकडे म्हातारी माणसं दुपारी नाही, पहाटे जातात.’

डॉक्टरही हेच सांगतात. उष्माघाताचा धोका दुपारच्या आकड्यावर जितका असतो, तितकाच रात्री उतार न मिळण्यावर. त्यात काकूंची बीपीची गोळी शरीरातलं पाणी कमी करणारी होती. जुलै २०२४ हा डेथ व्हॅलीतला नोंदलेला सगळ्यात उष्ण महिना. दिवस-रात्र धरून सरासरी ४२.५ अंश! म्हणजे उद्याची आमची दुपार ही तेव्हाची ‘सरासरी’ होती. आणि जुलै १९९६ मध्ये इथे भाड्याच्या व्हॅनने आलेले चार जर्मन पर्यटक, त्यांत दोन मुलं, बेपत्ता झाले होते. व्हॅन त्या ऑक्टोबरमध्ये एका दुर्गम घळीत मिळाली, अवशेष थेट २००९ मध्ये. हे मी आदल्या रात्री वाचलं होतं. कॅप्टनला बाजूला घेऊन सांगितलं. तो बराच वेळ नकाशाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, ‘पहाटे पाचला निघू.’

ती दुसरी रात्र काकूंनी बाहेर खुर्चीत काढली. एक पंचा भिजवून मानेवर, एक गुडघ्यांवर. दर तासाला अर्धा तांब्या पाणी. हवा इतकी कोरडी की पंचा भराभर वाळायचा आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जायचा. आपल्याकडच्या वाळ्याच्या पडद्याचं, डेझर्ट कूलरचं हेच तंत्र. आत आम्ही तिघं छताच्या पंख्याखाली कूस बदलत पडलो होतो. एकच्या सुमारास मी बाहेर आले. काकूंनी न बोलता दुसरा पंचा माझ्याकडे दिला.

चाकं असतात कशासाठी

पहाटे पाचला निघालो. उजाडता उजाडता मेस्किट फ्लॅटच्या वाळूच्या टेकड्यांवर पोहोचलो. थंडगार वाळू, त्यावर रात्री फिरून गेलेल्या किड्यांच्या नक्षीदार वाटा. अर्धा तास अनवाणी चाललो. तिसऱ्या रात्रीची हळहळ तिथेच संपली.

पुढे टाउन पासचा घाट. समुद्रसपाटीपासून १,५११ मीटरपर्यंत सलग चढ. ‘गाडी तापू नये म्हणून एसी बंद करा’ अशा पाट्या आणि रस्त्याकडेला रेडिएटरसाठी पाण्याच्या टाक्या. एसी बंद, खिडक्या उघड्या, ताशी चाळीसचा वेग. इंजिन कण्हत होतं, मागे भांडी वाजत होती. पण दर वळणाला हवा हलकी होत गेली. इथे दर हजार फुटांना तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं. माथ्यावर काकूंनी चक्क शाल मागितली.

दुपारी लोन पाइनला पोहोचलो. २९ अंश, समोर बर्फाच्छादित सिएरा नेवाडा आणि त्यात माउंट व्हिटनी, ४,४२१ मीटर. अलास्का आणि हवाई सोडले तर अमेरिकेतलं सगळ्यात उंच शिखर. सगळ्यात खालच्या जागेहून सगळ्यात उंच जागेच्या पायथ्याशी, एका सकाळीत!

गावाच्या अलीकडे रस्त्यालगत एक मोठं पांढुरकं मैदान लागलं. मला वाटलं आणखी एक मिठाचं वाळवंट. ते ओवेन्स लेक होतं. खरंखुरं तळं, त्यावर एके काळी वाफेच्या बोटी चालायच्या. १९१३ मध्ये लॉस एंजेलिस शहराने इथून सुमारे ३७५ किलोमीटरचा कालवा बांधून ओवेन्स नदीचं पाणी नेलं आणि १९२०च्या दशकात तळं आटलं. वाऱ्याने उडणारी धूळ इतकी वाढली की आता शहरालाच ती बसवायला तिथे पाणी सोडावं लागतं. १९१३. फर्नेस क्रीकच्या उच्चांकाचंच साल. एक वाळवंट निसर्गाने केलेलं, एक नळाने.

मैत्रीण लॉस एंजेलिसमध्ये राहते. तिच्या बाथरूममधल्या नळाला येणाऱ्या पाण्याचा एक भाग इथला आहे. तिने हे मोठ्याने म्हटलं आणि कॅप्टनकडे पाहिलं. कॅप्टन म्हणाला, ‘कळलं. आठ मिनिटं बंद.’

काकू तळ्याकडे पाहत होत्या. ‘आमच्याकडे पाणी गाडीने आलं,’ त्या म्हणाल्या, ‘इथलं कालव्याने गेलं. मधे माणसं तीच.’

त्या रात्री लोन पाइनबाहेरच्या कॅम्पग्राउंडवर चौघं पांघरूण घेऊन झोपलो. टाकीत अजून चाळीसेक लिटर पाणी शिल्लक होतं.

तुम्हालाही जायचंय?

कधी : नोव्हेंबर ते मार्च बेस्ट. उन्हाळ्यात डेथ व्हॅलीत गाडी न्यायला भाड्याने देणाऱ्या कितीतरी कंपन्यांची मनाई असते. करारातली बारीक अक्षरं वाचा.

कोणती गाडी : २५ फुटांच्या आतली घ्या. डॅन्टेज व्ह्यूसारख्या काही रस्त्यांवर त्याहून लांब गाड्यांना बंदी आहे. मायलेज लिटरला तीन-चार किलोमीटर, तेव्हा बजेट त्या हिशोबाने. पार्कमध्ये पेट्रोल महाग, बाहेरूनच टाकी फुल करून शिरा.

वीज : एसीवर झोपायचं तर हूक-अपची जागा आधी मिळवा, मग विमानाचं तिकीट काढा.

पाणी : टाकीतलं वापरायला, प्यायचं वेगळं. सोबत मीठ-साखरेची पुडी किंवा पन्हं.

फोन : रेंज धरून चालू नका. नकाशा कागदाचा ठेवा आणि पक्का रस्ता सोडू नका. गाडी बंद पडली तर गाडीपाशीच थांबा.

आपल्याकडे : महाराष्ट्र सरकारनेही २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय. सवय करायला वीकेन्डला जवळच एखादी ट्रिप करून बघा. काटे तेच असतात.

आणि पोहोचल्यावर कोणालाही पहिला प्रश्न : रात्री किती?